वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही

फिजिओथेरपिस्ट म्हणजे नक्की कोण, हे आमच्या भागात मला जन्मभर समजावून सांगावं लागलं. अलिबागला दवाखाना उघडला तेव्हा पाटी वाचून एक गृहस्थ दाढ दाखवायला आले होते. पुढे बरीच वर्षं मी 'मालीशवाल्या मॅडम' होते. मग किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या लोकांचे गुडघे एकदम दुखायला लागले आणि माझी 'गुडघेवाल्या ताई' म्हणून बढती झाली. आता दवाखाना भाचीच्या हाती सोपवलाय. दिवाळी अंकासाठी गमतीदार पेशंटांविषयी लिहा, असा निरोप आला. गमतीदार पेशंट होतेच. एक आजोबा व्यायाम सांगितला की स्वतः न करता बायकोकडून करून घ्यायचे. पण लिहायला बसले की मन त्यांच्यापाशी थांबत नाही. ते जातं मेंदूच्या एका इवल्याशा भागाकडे, आणि त्या भागामुळे मला भेटलेल्या नागावच्या पमाकाकींकडे.

आधी तो भाग सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

मुंबईला शिकत असताना आम्हाला शरीररचना शिकवायला एक उंच, सडपातळ, कमी बोलणाऱ्या मॅडम होत्या. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये फॉर्मालिनच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. मी मांडव्याच्या लाँचनं आलेली गावची मुलगी, पहिले काही दिवस जेवण जात नव्हतं. एकदा त्यांनी माझा तळहात पुढे घेतला आणि त्यावर मेंदूचा देठ ठेवला. मेंदू वर आणि पाठीचा मज्जारज्जू खाली, या दोघांना जोडणारा तो देठ. त्याच्या मधोमध एक फुगीर भाग असतो. साधारण सोललेल्या सुपारीएवढा.

"वजन किती वाटतं?" मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही, मॅडम."

"तुझ्या डोक्यातल्या त्या 'काहीच नाही'मधून आत्ता हे उत्तर खाली आलं. नीट धर."

त्या फुगीर भागाला पॉन्स म्हणतात. मूळ अर्थ पूल. आपल्याकडे कुणी त्याला सेतू म्हणतं. त्याच्या पुढच्या भागातून वरून खाली जाणारे दोर गेलेले असतात. हात उचल, पाय टाक, जीभ हलव, गीळ, अशा सगळ्या हुकमांना इथूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. मागच्या भागातून खालच्या बातम्या वर जातात. पायाला खडा टोचला, पाठीला चादर लागली, असल्या. आणि माणसाला जागं ठेवणारी यंत्रणाही तिथंच मागे, थोडी वरपर्यंत पसरलेली असते. शिवाय चेहऱ्याच्या आणि कानाच्या चार नसांच्या जोड्या याच भागातून किंवा याच्या कडेनं बाहेर पडतात. पाचवी चेहऱ्याला स्पर्श कळवते आणि चावायला लावते. सहावी डोळा बाहेरच्या बाजूला वळवते. सातवी चेहऱ्यावरचे सगळे भाव चालवते. आठवी ऐकणं आणि तोल सांभाळते.

मॅडमनी सुईच्या टोकानं एकेक नस दाखवली. दोऱ्याएवढ्या. त्या दोऱ्यावर माणसाचं हसू लोंबकळत असतं, हे मला त्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून माझ्या मनातली भीती जाऊन तिथं दुसरंच काहीतरी येऊन बसलं. त्याला मी अजूनही नाव देऊ शकलेले नाही.

पुढे धंद्यात या नसा वेगवेगळ्या रूपात भेटत राहिल्या. किहीमला एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांची पाचवी नस बिथरली होती. गालाला वाऱ्याची झुळूक लागली की वीज चमकल्यासारखी कळ यायची. समुद्रासमोर हौसेनं घर बांधलं आणि खिडक्या बंद करून, तोंडाला पंचा गुंडाळून बसायचे. माझ्याकडे येण्याआधी दोन चांगले दात काढून झाले होते. मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं, गोळ्यांनी बराच आराम पडला. अलिबागच्या बाजारात मासे विकणाऱ्या एका मावशींची सातवी नस सुजली होती. अर्धा चेहरा सरळ सपाट. त्या रडत नव्हत्या, चिडल्या होत्या.

"ताई, गिऱ्हाइकाला वाटतं मी वाकुल्या दावतंय," त्या म्हणाल्या. "भाव सांगतंय तर निघूनच जातंय!"

त्यांचा चेहरा हळूहळू पूर्ण परत आला. त्यानंतर मला बाजारात सुरमई कधी विकत घेऊ दिली नाही. पिशवीत टाकायच्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायच्या.

ही सगळी बाहेर पडलेल्या नसांची दुखणी. खुद्द त्या सुपारीएवढ्या भागालाच मार बसला तर काय होतं, ते मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं नागावला.

फोन आला तो सुभाषचा. सुभाष म्हणजे पमाकाकींचा धाकटा दीर. आसपासच्या गावांत घरगुती खानावळींच्या, वॉटर स्पोर्ट्सच्या पाट्या रंगवायचा त्याचा व्यवसाय.

"ताई, बरं करायला बोलवत नाय तुम्हाला," तो म्हणाला. "तेवढं आता समजलंय आम्हाला. पण वहिनीचे सांधे आखडायला लागलेत. हात धुवायला मूठ उघडत नाय. तेवढं बघा."

पमाकाकींना मी ओळखत होते. नागावला त्यांची नारळ-सुपारीची वाडी, वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या. नवरा दिगंबर वाडी बघायचे आणि दिवसाला पाच-सहा वाक्यं बोलायचे. उरलेलं सगळं बोलणं काकींकडे. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे यायचे ते काकींच्या हातच्या वालाच्या बिरड्यासाठी, थंडीत मडक्यात भाजलेल्या पोपटीसाठी, आणि जेवताना काकींच्या गप्पा ऐकायला. पन्नाशीही नीट उलटली नव्हती त्यांची. एका सकाळी पाहुण्यांसाठी घावणे घालत असताना चक्कर आली, जीभ जड झाली आणि बघता बघता सगळं अंग गेलं. मेंदूच्या देठाला रक्त नेणारी शीर गुठळीनं बंद झाली होती. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात कित्येक आठवडे काढले. श्वासासाठी गळ्याला भोक, अन्नासाठी नाकातून नळी. श्वास त्यांचा त्या घ्यायला लागल्या, पण बाकी काही हललं नाही. घरी पाठवताना सांगितलं, पेशंटला जाण नाही, फार आशा धरू नका.

मी गेले तेव्हा मधल्या खोलीत खाट टाकलेली होती. खिडकीतून वाडी दिसायची. उशाशी एक मोबाईल ठेवलेला, त्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत भजनं चालू. कुणा नातेवाईकानं सांगितलं होतं, देवाचं नाव कानावर पडत राहू दे. काकींची मुलगी अश्विनी पनवेलची नोकरी सोडून घरी आली होती. आईचं सगळं तीच करायची.

काकी उताण्या पडलेल्या. डोळे उघडे, नजर समोर. चेहरा असा की ज्यानं त्यांना बोलताना पाहिलंय त्याला तिकडे बघवू नये. मी सवयीनं त्यांच्याशी बोलतच काम सुरू केलं. माझी ही जुनी खोड आहे. पेशंट शुद्धीवर असो नसो, मी सांगून हात लावते. काकी, आता उजवा हात घेते. काकी, आता बोटं उघडते, जरा ओढ लागेल.

"ताई, आई बघते," अश्विनी दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाली.

"म्हणजे कशी?"

"ते नाय सांगता येत. पण बघते. मी मुंबईला पण सांगितलं. ते म्हणाले, डोळे उघडे असतात, पण त्यात अर्थ नसतो. घरच्यांना तसं वाटतं."

घरच्यांना तसं वाटतं, हे खरंच. मी कितीतरी घरांत ते पाहिलंय आणि त्यातून पुढे काही निघालेलं नाही. पण अश्विनी रडूबाई नव्हती. मी म्हटलं, आपण दोघी लक्ष ठेवू.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळची वेळ होती. नाकातली नळी बदलायची वेळ आली होती, दुसऱ्या दिवशी नर्स येणार होती. मी काकींचा गुडघा दुमडत होते. अश्विनी उशाशी होती, दिगंबरकाका खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते. सुभाष दारात उभा होता. बराच वेळ तो चौकटीवरचा रंगाचा पोपडा नखानं काढत राहिला. मग म्हणाला,

"दादा, उद्या नळी काढतील. परत घालायची काय?"

काकांनी वर बघितलं. "म्हणजे?"

"म्हणजे... नको घालूया. वहिनीला असं मला नाय बघवत. तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, तूच सांग."

खोलीत भजन चालूच होतं.

"पाणी तरी देऊ ना तिला?" काकांनी विचारलं.

सुभाषनं मान खाली घातली. तो निर्दयपणानं बोलत नव्हता, हे इथं सांगितलंच पाहिजे. काकी लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा सासू नव्हती आणि हा शाळेत जात होता. त्याचे डबे, त्याचे ताप, त्याचं लग्न, सगळं काकींनी केलेलं. त्याच्या तोंडून ते वाक्य निघायला त्याला किती दिवस लागले असतील, ते त्यालाच ठाऊक.

"सुभाषकाका, ती ऐकतेय!" अश्विनी ओरडली.

"बाळा..." सुभाष म्हणाला.

मी आपलं काम पुढे चालू ठेवलं. गुडघा खाली ठेवला आणि खांद्यासाठी काकींचा डावा हात डोक्याच्या वर नेला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला मी वाकले, म्हणून मला दिसलं. हात वर चालला होता आणि डोळे त्या हाताबरोबर वर चालले होते.

मी हात बाजूला नेला. डोळे आले नाहीत. पुन्हा वर नेला. डोळे वर. बाजूला नेला. डोळे जागच्या जागी.

माझ्या तळहातावर थंडगार काहीतरी ठेवल्यासारखं झालं. खोटं वाटेल, पण मला फॉर्मालिनचा वास आला.

डोळा बाजूला वळवायची सगळी व्यवस्था पॉन्समध्ये असते, सहाव्या नसेपाशी. ती गेली की नजर डावी-उजवीकडे फिरत नाही. पण डोळे वर-खाली करायची व्यवस्था त्याच्या जरा वर, मध्यमेंदूत असते. पापणी वर उचलायचीही. म्हणजे पॉन्सचा पुढचा भाग पुरा उद्ध्वस्त झाला, हात, पाय, जीभ, घसा, ओठ, सगळ्यांचे दोर तुटले, तरी मागचा भाग शाबूत राहिला तर माणूस जागा असतो. त्याला ऐकू येतं. चादरीची सुरकुती टोचते. तो विचार करतो. आणि हे सगळं बाहेर कळवायला त्याच्याकडे एकच हालचाल उरते. वर आणि खाली.

"सुभाष, थांब," मी म्हटलं. "काका, इकडे या. काकी, मी काय बोलते ते कळत असेल तर वर बघा. छपराकडे."

काकींचे डोळे वर गेले. आणि तिथंच राहिले.

"आता खाली. पायांकडे."

डोळे खाली आले.

"पुन्हा वर बघा, काकी."

वर.

अश्विनीनं आईचा उजवा हात घट्ट धरला. सुभाष पुटपुटला, "आपोआप होत असेल, ताई. तसं होतं म्हणतात."

"तुम्ही विचारा," मी दिगंबरकाकांना म्हटलं. "वर म्हणजे हो. खाली म्हणजे नाही. जे विचारायचं ते."

काका खाटेपाशी आले. आयुष्यभर ज्या बाईनं त्यांच्या वाटचं बोलून टाकलं तिला काय विचारावं, हे त्यांना कळेना. शेवटी म्हणाले,

"पमा, मी कोण? तुझा भाऊ काय?"

डोळे झटकन खाली.

"मग नवरा हाय?"

डोळे वर गेले. काका तिथंच खाटेच्या कडेला टेकले आणि काकींच्या हातावर डोकं ठेवून लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. मी खिडकीबाहेर बघितलं. सुभाष केव्हा बाहेर गेला होता ते कळलं नव्हतं. विहिरीच्या काठावर तो दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसला होता.

मुंबईच्या मेंदूच्या डॉक्टरांना मी त्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मग त्यांनी स्वतः दोन-चार प्रश्न विचारले, काकींनी उत्तरं दिली. "माणूस आत पूर्ण जागा आहे," ते म्हणाले. "आधी कुणाच्या लक्षात आलं?" मी अश्विनीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "बहुतेक वेळा घरातल्याच माणसाच्या आधी लक्षात येतं. आम्ही दिवसातून दोनदा बघतो, ते दिवसभर बघतात." आणि त्यांनी अश्विनीला नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी नर्सनं नवी नळी घातली. घरात लग्नघरासारखी गडबड होती.

सुभाषनं एका जुन्या पाटीचा पत्रा घासूनपुसून त्यावर अक्षरं रंगवून आणली. पहिल्या ओळीत अ-आ-इ-ई, खाली क-ख-ग, मग च-छ-ज, अशा ओळी. फार देखणी अक्षरं. पाटी कुणीतरी समोर धरायची, आपण बोट ओळींवरून खाली न्यायचं, हवी ती ओळ आली की काकी वर बघणार. मग त्या ओळीतली अक्षरं. मग काना-मात्रा-वेलांटी. मराठी अशा कामाला किती अवघड भाषा आहे, हे तेव्हा समजलं. इंग्रजीवाल्यांचं आपलं सव्वीस अक्षरांत भागतं. जोडाक्षरं आणि अनुस्वार आम्ही पहिल्याच दिवशी रद्द केले. ऱ्हस्व-दीर्घ काकींनी स्वतःच रद्द केलं.

पहिला शब्द काय येतो म्हणून शेजारपाजारही जमला होता. कुणाला वाटलं देवाचं नाव येईल, कुणाला वाटलं मुलीचं. अश्विनीनं पाटी धरली, मी बोट फिरवलं. ग. काना. ण. वेलांटी. मग ब. द.

गाणी बंद.

अश्विनीनं झेप घेऊन मोबाईल बंद केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या खोलीत शांतता झाली आणि बाहेरच्या पाटातलं पाणी वाहताना ऐकू आलं. काकींनी डोळे मिटले. आठव्या नसेनं त्यांना एकही भजन चुकवू दिलं नव्हतं.

त्यानंतरच्या महिन्यांत मी जे पाहिलं ते सांगायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. काकी घर चालवायला लागल्या. गळ्याचं भोक पुढे डॉक्टरांनी बंद केलं, तसा त्यांना वास यायला लागला. स्वयंपाकघरात काही करपायला लागलं की आत उभ्या असलेल्यांच्या आधी मधल्या खोलीत काकींच्या पापण्यांची उघडझाप सुरू व्हायची. पेजेचे दोन-तीन चमचे त्या गिळायला शिकल्या. एकेका घोटासाठी आम्ही दोघी घामाघूम व्हायचो. डाव्या हाताचा अंगठा किंचित हलायला लागला. अश्विनीनं हिंमत करून दोन खोल्या पुन्हा उघडल्या. पाहुण्यांचा स्वयंपाक दिगंबरकाका करायला शिकले; सुभाषला चहासुद्धा धड जमत नव्हता. बिरड्याची चव बघायला वाटी काकींच्या नाकाशी न्यायची, काकी वर किंवा खाली बघायच्या. खाली बघितलं की पाटी. 'गूळ.' 'पाणी फार.' एकदा नुसतंच 'अरे देवा.'

एकच गोष्ट जमत नव्हती. चेहरा. मी गालावरून बर्फ फिरवला, बोटांनी ओठांचे कोपरे वर नेले, समोर आरसा धरला. "काकी, हसायचा प्रयत्न करा. मनात हुकूम द्या, ओठ हलोत न हलोत." काकी हुकूम देत होत्या, हे त्यांच्या डोळ्यांच्या ताणावरून मला दिसायचं. हुकूम मध्येच कुठेतरी संपायचा. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं स्तब्ध.

आणि सुभाष. तो रोज यायचा. औषधं आणायचा, खाट सरकवायचा, पाटीवरचं अक्षर खरवडलं की रंगवून द्यायचा. पण काकींच्या नजरेसमोर कधी उभा राहायचा नाही. खाटेच्या डोक्याकडून यायचा, डोक्याकडूनच जायचा. काकींना मान वळवता येत नव्हती आणि नजर बाजूला जात नव्हती. त्यांना तो महिनोन्महिने दिसलाच नसेल, नुसता ऐकू येत असेल.

एका दुपारी अश्विनी बाजारहाट करायला अलिबागला गेली होती, काका वाडीत होते. काकींनी पापण्यांनी हाक मारली, त्यांना काही सांगायचं होतं. माझे दोन्ही हात गुंतलेले. सुभाष पडवीत होता. मी त्याला बोलावलं.

"पाटी धर जरा."

"ताई, मी..."

"धर रे. समोर उभा राहा, त्यांना दिसली पाहिजे."

तो आला. पाटी छातीशी धरून उभा राहिला. काकींनी अक्षरांकडे बघितलंच नाही. पाटीच्या वर, त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"वहिनी," तो म्हणाला. "त्या दिवशी मी बोललो ते... ऐकलंस तू?"

डोळे तिथंच होते, वरच. हो.

"सगळं?"

पुन्हा एकदा, नीट, सावकाश वर.

मी खाली बघत राहिले. मला तिथून जावंसं वाटत होतं, पण काकींचा पाय माझ्या हातात होता. काकींनी नजर खाली आणली आणि पाटीवर स्थिर केली. त्यांना लिहायचं होतं. मी पाय खाली ठेवला, हात पुसला, बोट फिरवायला लागले. म. वेलांटी. प. ण. सुभाष मोठ्यानं वाचत होता, शाळेतल्या मुलासारखा.

"मी... पण... ते... च..."

मीपण तेच. मग म, ण, त. मग होते.

मीपण तेच म्हणत होते.

आधी त्याला कळलं नाही. मलाही. मग कळलं. सुभाष म्हणत होता की नळी घालू नका, तेव्हा काकी आत, त्या बंद अंगात, तेच म्हणत होत्या. अख्ख्या घरात त्यांच्या मनातलं बोलणारा तो एकटाच होता. आणि आम्ही सगळ्यांनी आनंदाच्या भरात नळी पुन्हा घातली, तेव्हा त्यांना विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. हो-नाही विचारता येतं हे आदल्याच दिवशी कळलेलं असूनही.

सुभाष पाटी खाली ठेवून खाटेपाशी गुडघ्यावर बसला. बसला तसा तो काकींच्या नजरेखाली गेला, म्हणून पुन्हा उठून उभा राहिला.

"आणि आता?" त्यानं विचारलं. "वहिनी, आता काय म्हणणं हाय? खरं सांग. तू म्हणशील तसं."

मी पाटी उचलून धरली. या वेळी बोट सुभाषनं फिरवलं, ते दोनदा चुकीच्या ओळीवर गेलं. आ. त. काना. न. क. ओकार.

आता नको.

काकी थांबल्या नाहीत. श. न. वेलांटी. व. काना. र. वेलांटी. मग पा. हु. णे.

"शनिवारी पाहुणे," सुभाषनं वाचलं. मग त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की तो रडतोय का हसतोय ते मला सांगता आलं नसतं. "पाहुणे येणार म्हणून होय! वहिनी! पाहुणे येणार म्हणून!"

आणि काकी हसल्या.

डोळ्यांनी नव्हे. चेहऱ्यानं. ओठांचे दोन्ही कोपरे एकदम, सारखे वर गेले. गाल फुगले, डोळ्यांखाली सुरकुत्या पडल्या, पांढरे दात दिसले. नागावला कित्येक पाहुण्यांनी पंगतीत पाहिलेलं तेच, पूर्ण हसू. घशातून एक बारीक आवाजही आला.

पुस्तकात हे होतं. ठरवून हसायचा हुकूम मेंदूच्या एका जागेतून निघतो आणि पॉन्सच्या पुढच्या भागातून येतो. काकींची ती वाट कायमची बुजली होती. पण खरोखर हसू येतं तेव्हा ते ठरवलेलं नसतं. ते मेंदूच्या खोल आतल्या भागांतून निघतं आणि मागच्या, दुसऱ्याच वाटेनं उतरतं. शेवटी पोचतं त्याच सातव्या नसेपाशी. दोन वाटा, एक चेहरा. परीक्षेत मी त्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्या चार ओळी आज माझ्यासमोर हसत होत्या.

"काकी," मी न राहवून म्हटलं, "आता पुन्हा हसा. मुद्दाम. हसून दाखवा मला."

चेहरा हळूहळू मिटला होता. काकींनी प्रयत्न केला. डोळे ताणले गेले. ओठ जागचे हलले नाहीत. मग नजर खाली गेली. नाही.

सुभाषनं बाहीनं नाक पुसलं.

"बरं वहिनी," तो म्हणाला, "शनिवारची आमटी मग मीच करतो."

आणि ते हसू पुन्हा आलं.